रानातले एकत्र कुटुंब

भद्रावतीला केसरिया पार्श्वनाथाचे दर्शन घेऊन यात्रेकरूंची वाहने बहुधा नागपूरच्या दिशेने परततात. काही थोडी वाहने मात्र दक्षिणेकडे वळतात. तीसेक किलोमीटरांवर चंद्रपूर लागते आणि चंद्रपुराहून साधारण तितकाच पल्ला गाठला की इरई धरणाच्या जलाशयाजवळ मोहर्ली हे गाव येते. कोळशाच्या खाणी, मालमोटारींची रांग आणि वीजकेंद्राची धुराडी तासाभरात मागे पडतात. पुढे साग, बांबू, ऐन, मोह आणि तेंदू यांचे राज्य सुरू होते. मोहर्लीचे फाटक हे ताडोबाच्या अरण्याचे एक प्रवेशद्वार आहे.

ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे शेजारचे अंधारी अभयारण्य त्याला जोडले गेले आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला आला. गाभ्याचे क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून भोवतालचे राखीव वलय धरले तर ते १७०० चौरस किलोमीटरांच्या वर जाते. अरण्याच्या मध्यभागी ताडोबा तलाव आहे. तलावाच्या काठी, वाघाशी झुंज देताना प्राण गमावलेल्या तारू या गावप्रमुखाचे स्थान आहे. त्याच्याच नावावरून अरण्याला ताडोबा हे नाव पडले, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे.

मोहर्लीहून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळात या खांबांवरून दोरी नेलेली असे, तिला घंटा बांधलेल्या असत आणि राजाच्या आगमनाची वर्दी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अशी पोहोचत असे, असे सांगितले जाते. दोरी केव्हाच गेली, घंटाही गेल्या. खांब मात्र दाट बांबूंतून अजून डोकावतात.

माघ सरून फाल्गुन लागण्याच्या सुमारास या रस्त्याचे रूप वेगळेच असते. सागाची पाने गळलेली असतात, पळस नुकताच पेटू लागलेला असतो आणि पहाटेचा गारवा अजून ओसरलेला नसतो. उघड्या जिप्सीतील प्रवासी शाली गुंडाळून बसलेले असतात. सर्वांच्या मनात एकच प्राणी असतो. ताडोबात येणारा बहुतेक प्रत्येक जण वाघ पाहण्यासाठी येतो.

अशा एखाद्या सकाळी गवताळ मैदानाच्या कडेला चितळांचा कळप एकाएकी माना उंचावतो. वाघ असावा म्हणून जिप्सी थांबते. पण बांबूच्या बेटातून बाहेर येतात ते वाघ नसतात. तांबूस, विटकरी रंगाचे, गावातील कुत्र्याएवढेच पण अधिक सडपातळ असे आठ-नऊ प्राणी एकामागून एक रस्त्यावर उतरतात. कान गोलसर आणि उभे, तोंड आखूड, शेपटी झुबकेदार आणि काळी. पोटे भरून फुगलेली असतात. माणसांकडे एक नजर टाकून ते दुडक्या चालीने रस्त्याच्या मधोमध निघून जातात. त्यांतला एक मागे राहिलेला असतो. झाडीतून एक बारीक शिट्टी ऐकू येते, तिला पुढून तशीच शिट्टी उत्तर देते आणि मागे राहिलेला धावत जाऊन कळपाला मिळतो.

"रानकुत्रे," गाइड सांगतो. प्रवासी दोन-चार छायाचित्रे घेतात आणि जिप्सी पुन्हा वाघाच्या वाटेला लागते.

वास्तविक त्या सकाळी प्रवाशांनी जे पाहिलेले असते, ते वाघाच्या दर्शनाहून कमी दुर्मीळ नसते.

नाव आणि कूळ

रानकुत्र्याला जुन्या मराठीत कोळसून आणि कोळसुंदा अशी नावे आहेत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वृद्ध मंडळी आजही ती वापरतात. शास्त्रीय ग्रंथांतही या नावाला मानाचे स्थान मिळालेले आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनच्या पठारावरील सस्तन प्राण्यांची माहिती प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने या प्राण्याची नोंद दख्खनचा रानकुत्रा, मराठ्यांचा कोळसून, अशी केली आणि त्याला 'दुखुनेन्सिस' म्हणजे दख्खनी असे नाव दिले. त्याआधी १८११ साली पीटर पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने उत्तर आशियातील याच प्राण्याचे वर्णन करून त्याला 'अल्पिनस', म्हणजे पर्वतीय, म्हटले होते. त्यामुळे संपूर्ण जातीचे नाव आज 'क्युऑन अल्पिनस' असे आहे. भारतातील उपजातीच्या नावात मात्र दख्खन अद्याप टिकून आहे.

नावात कुत्रा असला तरी हा प्राणी गावातील कुत्र्याचा रानात गेलेला भाऊबंद नाही. त्याचे कूळ फार पूर्वीच वेगळे झाले. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या तोंडात ४२ दात असतात, तर रानकुत्र्याच्या तोंडात ४०. त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एक दाढ कमी असते, म्हणून तोंड आखूड दिसते. पाळीव कुत्री सहसा पाच जोड्या स्तनांची असते. रानकुत्रीला सहा-सात जोड्या असतात, कारण तिच्या पोटी एका वेळी बरीच पिले जन्माला येतात. नराचे वजन १५ ते २० किलो असते, मादीचे त्याहून कमी. तो भुंकत दारे राखत नाही. दूर अंतरावरच्या सोबत्याला बोलावण्यासाठी तो शिट्टी घालतो. दाट झाडीत, जिथे दहा पावलांवरचे दिसत नाही, तिथे पांगलेला कळप या शिट्टीच्या आधाराने पुन्हा एकत्र येतो. गोंड राजांनी दोरी आणि घंटांनी जे साधले असे म्हणतात, ते हा प्राणी केवळ कंठाने साधतो.

शंभर वर्षांची बदनामी

या प्राण्याइतकी दीर्घ बदनामी भारतातील फार थोड्या वन्य प्राण्यांच्या वाट्याला आली असेल. इंग्रजी अमदानीत त्याची गणना उपद्रवी जनावरांत होत होती. तो मारल्याचा पुरावा दाखविला की सरकारी तिजोरीतून इनाम मिळत असे. गोळी, सापळा, विष यांपैकी कशालाच मनाई नव्हती. वाघाच्या शिकारीला काही नियम होते, परवाने होते. रानकुत्र्याला पिलांसकट मारणे हे पुण्यकर्म समजले जाई. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी एकदम पालटली नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा कुठे त्याला कायद्याचा आसरा मिळाला.

साहित्यानेही त्याला सोडले नाही. रुडयार्ड किपलिंगच्या १८९५ सालच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये रानकुत्र्यांवर एक संपूर्ण कथा आहे. दख्खनकडून सिवनीच्या डोंगरांत घुसणारी तांबड्या कुत्र्यांची धाड असे त्यांचे रूप तिच्यात रंगविले आहे. वैनगंगेच्या काठच्या कड्यांवरील मधमाश्यांच्या मदतीने मोगली त्यांचा नाश घडवितो. ही वैनगंगा विदर्भातील वाचकांच्या परिचयाची आहे. सिवनीतून निघून ती भंडारा आणि चंद्रपूरच्या बाजूला उतरते. त्या कथेने मोगलीचे लांडगे जगभरच्या मुलांचे मित्र झाले आणि रानकुत्रे कायमचे खलनायक ठरले.

या द्वेषाचे कारण काय होते? पहिले कारण त्याची शिकारीची रीत. हिंसेचे वर्णन गोड करण्याचे कारण नाही. रानकुत्रा मांसाहारी आहे आणि मांसावाचून तो जगू शकत नाही. वाघ गळा धरून एकट्याने सावज पाडतो. पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याजवळ सांबरासारखा प्राणी धरून ठेवण्याइतके बळ नसते. म्हणून अनेक जण मिळून त्याला पाडतात आणि प्राण जाण्याची वाट न पाहता खायला लागतात. पाहणाऱ्याला हे दृश्य असह्य होते. परंतु अभ्यासकांनी नोंदविले आहे की दोन-तीन रानकुत्रे चितळाएवढ्या हरणाला दोन मिनिटांच्या आत संपवितात. दृश्य भयंकर असते, पण यातना लांबत नाहीत. खेळ म्हणून किंवा भिंतीवर शिंगे टांगण्यासाठी तर तो कधीच मारत नाही.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. बंदूकधारी शिकाऱ्यांना वाटे की रानकुत्रे आपल्या वाट्याची हरणे संपवितात. ज्या रानात हे कुत्रे शिरतात तिथले सांबर-चितळ पळून जातात, अशी त्यांची तक्रार असे. एकाच डोंगरातील मालावर दोघांचा डोळा होता. हिशेब लिहिण्याची लेखणी मात्र एकाच्याच हाती होती. तेव्हा खर्चाची सारी बाजू दुसऱ्याच्या नावावर पडली, यात नवल नाही.

लोककथांनीही त्यात भर घातली. रानकुत्रे झुडपांवर मूत्र शिंपडून ठेवतात, ते डोळ्यांत गेले की हरीण आंधळे होते आणि मग सहज सापडते, असा समज भारताच्या अनेक भागांत होता. निरीक्षणाला हा समज टिकला नाही. माणसाला ते धोकादायक असतात ही भीतीही अशीच निराधार ठरली. रानकुत्र्यांनी रानात माणसावर हल्ला केल्याची खात्रीलायक उदाहरणे जवळजवळ नाहीत.

चुकीच्या हिशेबाची किंमत काय पडते, हे भूतानने पाहिले. तेथे १९७०च्या दशकात रानकुत्र्यांवर मोठ्या प्रमाणावर विषप्रयोग झाला आणि बऱ्याच प्रदेशांतून ते नाहीसे झाले. त्यानंतर रानडुकरांची संख्या वाढली आणि त्यांनी डोंगरउतारावरील शेतीची नासाडी सुरू केली. ज्याला तोट्यात धरले होते, तो शेतकऱ्याचे धान्य राखत होता, हे तो गेल्यावर कळले. १९९०च्या दशकात रानकुत्रे तेथे हळूहळू परतू लागले.

गुहेच्या दारातले घर

रानकुत्र्याकडे न्यायाने पाहण्याची सुरुवात ज्यांनी केली, त्यांत डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९७६ ते १९७८ या काळात कर्नाटकातील बंदीपूरच्या रानात या प्राण्यांचा मागोवा घेतला. निर्बंध रानात राहणाऱ्या रानकुत्र्यांचा तो पहिला सविस्तर अभ्यास मानला जातो. पुढे ताडोबा, पेंच आणि नवेगाव-नागझिरा येथेही संशोधकांनी हे काम चालविले. या निरीक्षणांतून जे चित्र उभे राहिले, ते जुन्या समजुतींपेक्षा फार निराळे होते.

मराठीत रानकुत्र्यांच्या समूहाला सहजपणे टोळी म्हटले जाते. प्रत्यक्षात तो बहुधा पाच ते बारा जणांचा, एकाच रक्ताच्या नात्यातील परिवार असतो. त्यात सामान्यतः एकच जोडपे प्रजनन करते. बाकीचे त्या जोडप्याचे भाऊ, थोरली मुले असे असतात. मुलगे बहुधा घरातच राहतात आणि मोठ्या झालेल्या मुली दुसऱ्या रानात आपले घर शोधायला निघतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटेल.

मादी सुमारे नऊ आठवडे गर्भ वाहते आणि हिवाळ्याच्या दिवसांत एखाद्या खडकाच्या कपारीत, ओढ्याकाठच्या बिळात किंवा साळिंदराने सोडलेल्या घरात प्रसूत होते. त्या क्षणापासून सारा परिवार त्या बिळाभोवती फिरू लागतो. आई पिलांना सोडून दूर जाऊ शकत नाही. म्हणून इतर सर्व जण सकाळ-संध्याकाळ शिकारीला जातात आणि कधी एखादा सोबती पहाऱ्याला मागे राहतो. शिकारीवर गेलेला प्रत्येक जण घाईघाईने पोट भरतो, कारण वाघ किंवा बिबट्या केव्हाही येऊन अन्न हिरावून घेईल. एक कुत्रा तासाभरात तीन-चार किलो मांस खाऊ शकतो. मग ते घराकडे वळतात.

ताडोबाच्या रस्त्यावर फुगलेल्या पोटांनी निघालेला तो कळप अशाच घराकडे चाललेला असू शकतो. बिळाशी पोहोचताच पिले बाहेर धावतात, मोठ्यांच्या ओठांना चाटतात आणि मोठे आपल्या पोटातले अन्न त्यांच्यापुढे काढून ठेवतात. आईलाही देतात, पहाऱ्याला थांबलेल्यालाही देतात. ज्याने स्वतःचे एकही पिलू जन्माला घातलेले नाही, असा काकाही यातून सुटत नाही. जे पोटात घातले, ते सर्व त्याचे एकट्याचे नसते.

पिले दोन-अडीच महिन्यांची झाली की बीळ सोडतात आणि मोठ्यांच्या मागून फिरू लागतात. ती शिकारीच्या जागी पोहोचली की मोठे बाजूला होतात. पिले आधी खातात, मोठे मागून. पुष्कळ मांसाहारी प्राण्यांत बळकट आधी जेवतो आणि दुबळ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. सिंहाच्या कळपात तर दुष्काळात छावे उपाशी मरतात. रानकुत्र्यांच्या घरात पंगतीचा क्रम उलटा आहे.

या वर्तनाला माणसाच्या नीतीची नावे देणे योग्य नव्हे. रानकुत्रा दानशूर नाही, जसा तो क्रूरही नाही. एकट्याने तो जगू शकत नाही, म्हणून निसर्गाने त्याला वाटून खाण्याची रीत दिली आहे. पण ज्या डोळ्यांनी त्याची शिकार पाहून त्याला दुष्ट ठरविले, त्या डोळ्यांनी त्याच्या बिळापाशी थोडा वेळ थांबून पाहिले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. शिकार काही मिनिटांत संपते आणि पिलांचे पालन महिनोन्महिने चालते. निकाल त्या मिनिटांवरून दिला गेला आणि महिने कोणी मोजले नाहीत.

उरलेले किती

एके काळी सैबेरियाच्या दक्षिण भागापासून जावा बेटापर्यंत रानकुत्र्याची वस्ती होती. आज त्या प्रदेशाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक भागातून तो नाहीसा झाला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ साली केलेल्या मूल्यांकनानुसार जगात प्रजननक्षम प्रौढ रानकुत्रे ९४९ ते २२१५ च्या दरम्यान असावेत. तुलनेसाठी सांगायचे तर २०२२ च्या गणनेत एकट्या भारतातील वाघांची अंदाजित संख्या ३६८२ होती. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. रानकुत्रे सगळे एकसारखेच तांबडे दिसतात, म्हणून त्यांची मोजणीही कठीण होते. ज्याची मोजणी नीट होत नाही, त्याची घटही लवकर लक्षात येत नाही.

उरलेल्यांना सर्वांत मोठा आधार भारताचा आहे. सह्याद्रीत कोयना आणि चांदोलीच्या रानांपासून दक्षिणेला गोव्यापर्यंत तो टिकून आहे. गोव्यातील त्याच्या घरांपैकी एका अरण्याचे नाव भगवान महावीर अभयारण्य असे आहे. मध्य भारतात सातपुडा, पेंच, नागझिरा आणि ताडोबा ही त्याची प्रमुख ठिकाणे होत.

उंबरठ्यावरचा धोका

आज त्याच्यावर बंदूक रोखणारे फारसे कोणी उरलेले नाही. सावजाची टंचाई आणि तुटत चाललेले रान हे दोन मोठे धोके आहेत. तिसरा धोका मात्र असा आहे, की त्याचा उगम पुष्कळदा चांगुलपणातच असतो.

ताडोबाच्या वलयात अनेक गावे आहेत आणि प्रत्येक गावात मोकळी कुत्री आहेत. ती दिवसा गावात आणि रात्री रानाच्या कडेला फिरतात. रेबीज, पार्व्हो आणि कॅनाइन डिस्टेंपर हे रोग त्यांच्यामार्फत रानात शिरू शकतात. रानकुत्रा त्यांचा दूरचा नातलग असल्यामुळे हे रोग त्याला सहज बाधतात. जी सवय या परिवाराचे बळ आहे, तीच अशा वेळी घातक ठरते. एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून अन्न वाटणाऱ्या घरात एक जण आजारी पडला, तर आजार सर्वांच्या ताटात वाढला जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या रानात थोड्या दिवसांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांतील काहींच्या शरीरात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंहासारख्या बलाढ्य प्राण्याची ही गत झाली, तर आठ-दहा जणांचा परिवार किती दिवस तग धरणार?

व्यापारी घरांतून पहिली पोळी गाईला आणि शेवटची कुत्र्याला देण्याची रीत जुनी आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. रानाच्या उंबरठ्यावर मात्र या दयेला थोडी जोड हवी. अरण्याच्या वाटेवर सहलीला थांबलेली कुटुंबे उरलेले अन्न आणि पत्रावळी रस्त्याच्या कडेला टाकतात. त्यावर कुत्र्यांचे थवे पोसले जातात आणि ते रानाच्या आत सरकतात. तेच अन्न परत नेले आणि त्याच खर्चातून एखाद्या वनालगतच्या गावातील कुत्र्यांना लस टोचण्याचे, त्यांचे निर्बीजीकरण करण्याचे काम उभे राहिले, तर गावची कुत्रीही निरोगी राहतील, गावातील मुले रेबीजपासून वाचतील आणि रानातील परिवारही सुरक्षित राहील. एका दानात तिघांचे रक्षण होते. पांजरपोळ चालविण्याची परंपरा ज्या समाजात आहे, त्याला हे काम अवघड वाटू नये.

रस्त्याच्या खालून

ताडोबाहून परतणारा प्रवासी नागपूरला येतो. तेथून उत्तरेला जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या रानातून जातो. दक्षिणेचा माल उत्तरेला आणि उत्तरेचा दक्षिणेला नेणारी ही देशातील एक मोठी वाट आहे. कापूस, धान्य, लोखंड, कापड असे सर्व काही तिच्यावरून धावते. पुढे ती सिवनीला पोहोचते, म्हणजे किपलिंगच्या कथेच्या मुलखात.

हा रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा रानाचे दोन तुकडे होण्याची वेळ आली. दीर्घ वादविवाद आणि न्यायालयीन लढ्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीतील रानाच्या पट्ट्यात रस्ता उंचावून त्याखाली प्राण्यांसाठी नऊ मोकळ्या वाटा ठेवण्यात आल्या. त्यांतील सर्वांत लांब वाट सुमारे ७५० मीटरांची आहे. प्राणी या वाटा वापरतील का, अशी शंका पुष्कळांना होती. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी तेथे कॅमेरे लावले. त्यांत चितळ दिसले, रानडुकरे दिसली, वाघ दिसले. आणि त्यांच्याबरोबर रानकुत्रेही दिसले.

आता त्या पट्ट्यात रात्रंदिवस वरून मालमोटारी जातात. त्यांत कोणाच्या पेढीचा माल असतो, तर कोणाच्या घरचे लग्नाचे सामान. खाली काँक्रीटच्या खांबांमधून, मातीवर पावलांचे ठसे उमटवीत, एखादा तांबडा परिवार सकाळच्या शिकारीहून घराकडे निघालेला असतो. त्यांच्या पोटात आपल्यापुरते असते आणि पिलांपुरतेही असते. वरच्यांना खालच्यांचा पत्ता नसतो. दोघांनाही घरी वेळेवर पोहोचायचे असते आणि रस्ता दोघांनाही पुरतो.